३१ मार्चच्या आत

श्रोतेहो, नमस्कार. नागपूरच्या कळमना बाजारात अडत्या अडत, म्हणजे दलाली घेतो. पण तो बोली लावतो, माल तोलून देतो आणि पट्टीवर, म्हणजे हिशेबाच्या कागदावर, आपली अडत लिहूनही देतो. आज बोलायचं आहे ते पट्टीवर न येणाऱ्या अडतीबद्दल, शस्त्रांच्या सौद्यातल्या दलालीबद्दल.

बोफोर्स, ती स्वीडनची तोफा बनवणारी कंपनी, हे नाव घरोघरी ठाऊक आहे. तिच्याशी झालेला तोफांचा सौदा दलालीमुळे गाजला. त्यातला एकच करार आज ऐका.

आपल्या लष्कराला १५५ मिलिमीटरच्या तोफा हव्या होत्या. भारत सरकारची अट होती, मध्ये दलाल नको. तरी बोफोर्सने १५ नोव्हेंबर १९८५ ला ए. ई. सर्व्हिसेस या ब्रिटनमधल्या कंपनीशी करार केला. सौदा झाला, तर हिला ३ टक्के. आणि एक अट होती. सौदा ३१ मार्च १९८६ च्या आत झाला पाहिजे, नाहीतर करार रद्द. ही तारीख लक्षात ठेवा, ३१ मार्च.

भारताने ४१० तोफांच्या खरेदीवर सही केली ती २४ मार्च १९८६ ला. मुदत संपायला ७ दिवस उरले होते.

सौद्याची किंमत सुमारे १,४३७ कोटी रुपये, म्हणजे साधारण ८४० कोटी स्वीडिश क्रोनर. मे महिन्यात भारताने २० टक्के आगाऊ रक्कम दिली, सुमारे १६८ कोटी क्रोनर. आता त्याचे ३ टक्के काढा. पाच कोटी क्रोनरच्या थोडे वर येतात. सप्टेंबरमध्ये ए. ई. सर्व्हिसेसच्या स्वित्झर्लंडमधल्या खात्यात नेमके तेवढेच जमा झाले, डॉलरमध्ये सुमारे ७३ लाख. पुन्हा सांगते, आपल्या आगाऊ रकमेचे बरोबर ३ टक्के. शाळेत टक्केवारीची गणितं अजून संत्री-आंब्यांवरच सोडवून घेतात. नववीच्या पोरांना असा एखादा सरकारी करार सोडवायला द्यावा, असं मला फार वाटतं. गणितही पक्कं होईल आणि वर्तमानपत्रही वाचता येईल.

सीबीआयच्या म्हणण्यानुसार त्यातले बहुतेक पैसे पुढे इटालियन व्यापारी ओत्ताव्हिओ क्वात्रोकी याच्या ताब्यातल्या खात्यात गेले.

हे बाहेर फुटलं कुठून? रेडिओवरून! १६ एप्रिल १९८७ ला स्वीडनच्या रेडिओने या सौद्यात लाच दिल्याची बातमी दिली आणि दिल्ली हादरली. पुढे २००४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने सौद्याच्या वेळचे पंतप्रधान राजीव गांधी यांच्यावरचा लाचेचा आरोप फेटाळला. २००६ मध्ये क्वात्रोकीची लंडनमधली गोठवलेली खाती मोकळी झाली, २०११ मध्ये त्याच्यावरचा खटलाही संपला. पैसा अनेक देशांतून फिरतो आणि प्रत्येक देशाकडून कागद मागवण्यातच वर्षं निघून जातात.

लोक म्हणतात, कारगिलमध्ये तोफ उत्तम चालली ना! चाललीच. पण तोफ चांगली निघाली म्हणून दलाली माफ होत नाही. तो पैसा आपल्याच आगाऊ रकमेतून गेला.

दलाली शिरते कुठे, तेही थोडक्यात सांगते. एक, तांत्रिक अटींमध्ये. अतिविशिष्ट व्यक्तींसाठीच्या १२ हेलिकॉप्टरांच्या खरेदीत उड्डाणाच्या उंचीची अट ६,००० मीटरवरून ४,५०० वर आली. ऑगस्टा वेस्टलँड कंपनीचं हेलिकॉप्टर त्यानंतरच स्पर्धेत बसलं. २०१४ च्या १ जानेवारीला तो करार रद्द झाला. दोन, सल्लामसलतीच्या नावाखाली केलेल्या वेगळ्या करारांमध्ये. म्हणून मुख्य करारापेक्षा आजूबाजूचे कागद आधी वाचावेत.

आणि नुकसान नुसतं पैशाचं नाही. बोफोर्सच्या धसक्याने पुढची प्रत्येक फाइल अडली. अंबाझरीच्या आयुध निर्माणीमुळे तोफगोळे नागपूरकरांना नवे नाहीत. पण बोफोर्सनंतर परदेशी बनावटीची नवी १५५ मिलिमीटरची तोफ लष्कराच्या हाती यायला २०१७ साल उजाडलं. तोवर कारगिलच्या डोंगरांत लढलेल्या त्याच तोफा, सुटे भाग जुळवत, पोरं चालवत होती.