पिनबॉलच्या पेटीत आरसे

हे बघा, हे पिनबॉलचं मशीन, म्हणजे बटणं दाबून चेंडू उडवत ठेवायचा खेळ, 1995 चं, अमेरिकेत शिकागोला बनलेलं, नाव 'अटॅक फ्रॉम मार्स'. डिझाइन ब्रायन एडीचं. वर पाटी बॅली कंपनीची असली तरी तेव्हा बॅली विल्यम्स या दुसऱ्या पिनबॉल कंपनीच्याच ताब्यात होती. मधोमध उडती तबकडी, आजूबाजूला थरथरणारे हिरवे मंगळवासी, आणि लाइटिंग तर विचारूच नका. एवढा सगळा थाटमाट आणि दोन्ही बाजूंना काय, तर काळा रंग फासलेलं नुसतं लाकूड.

1999 ला विल्यम्सने पिनबॉल बनवणंच बंद केलं, त्यामुळे ही जुनी मशिनं ज्यांच्याकडे आहेत ते त्यांचे सगळे लाड पुरवतात. त्यातलाच एक लाड म्हणजे पेटीच्या आतल्या दोन्ही बाजूंच्या भिंतींवर लावायचे मिरर ब्लेड. नाव आरशाचं, पण काच नाही हं, पॉलिश केलेला स्टेनलेस स्टीलचा पातळ पत्रा. काच का नाही? एकतर जाड, आणि आतला चेंडू भरीव लोखंडी, 27 मिलिमीटरचा, जोरात उडून बाजूला आदळला की संपलंच.

आता बसवताना बघा. आधी मशीन बंद, पुढचा दरवाजा उघडून आतला खटका ओढायचा, वरची आडवी पट्टी निघते, मग मशीनवरची काच हळूच खाली सरकवून बाहेर. ही टफन्ड काच आहे, तिचा कोपरा फरशीला नुसता टेकला तरी अख्खीचा चुरा होऊ शकतो, म्हणून खाली जाड गालिचा पाहिजेच. चेंडू काढून घ्यायचे. मग प्लेफिल्ड, म्हणजे ज्यावर चेंडू पळतो ती फळी, पुढे ओढून उभं करायचं, आणि खरी गंमत इथे आहे, कारण प्लेफिल्ड आणि पेटीची भिंत यांच्यात फट एवढीशीच असते, त्यात पत्रा आला, वर चिकटवायची टेप आली, म्हणजे जागा अजून कमी, आणि पुढे कधीही रिपेअरला प्लेफिल्ड उचललं की एखादा स्क्रू नाहीतर प्लास्टिकची कड पत्र्याला घासत जाते. चरा पडला की पडला, आरशावर तो लपत नाही. म्हणून शहाणी माणसं उचलताना दोन्ही बाजूंना पातळ पुठ्ठा सरकवतात, आणि पत्र्यावरची प्लास्टिक फिल्म सगळं बसल्यावरच सोलतात.

ऑन केलं की मात्र, अरे बापरे! सलूनमध्ये समोरासमोरच्या आरशांत आपलं डोकं लांबपर्यंत दिसत जातं ना, तसे इथे मंगळवासी रांगेने उभे. प्लेफिल्ड जेमतेम 51 सेंटीमीटर रुंद, पण ते मैदानासारखं पसरतं. एकही नवा बल्ब लावलेला नाही बरं का.

पण आरसा काय फक्त चांगलंच दाखवतो असं नाही, रॅम्पच्या, म्हणजे चेंडू चढायच्या उताराच्या, मागची धूळ, वायरींची टोकं, सगळंच दिसतं. आणि बल्बच्या जागी कोणी भगभगीत एलईडी टाकले असतील तर ते बाजूने थेट डोळ्यात येतात, अशा मशीनला आधी मवाळ एलईडी लावा, मग आरशाचं बघा. मल्टिबॉल, म्हणजे एकाच वेळी अनेक चेंडू, सुरू झाला की डोळ्याच्या कोपऱ्यात खोटे चेंडूही पळायला लागतात. सवय होते, पण स्पर्धेची प्रॅक्टिस करणाऱ्याने माझ्या मते काळी भिंतच ठेवावी. घरी पाहुण्यांना खेळायला द्यायचं मशीन असेल तर बिनधास्त लावा, स्क्रू न मारता टेपवर बसवलं तर लाकडाला भोकंही पडत नाहीत, नाही आवडलं तर काढून ठेवता येतं.