खिसा उजवीकडे

[पहाट. पऱ्हाटीचं वावर. धुऱ्यावरची तार, खांबाला टांगलेली झटका मशीन.]

हा आवाज ऐका. टक... टक... टक...

सेकंदाला साधारण एक. घाटंजी तालुक्यातल्या या वावरात तो रात्रभर चालतो. रानडुकरं आणि रोही पिकात शिरू नयेत म्हणून धुऱ्याभोवती तार ओढलेली आहे. दिवसा सोलरवर बॅटरी भरते, रात्री तारेत झटके सुटतात.

हे काका तारेपासून लांब उभे आहेत. त्यांच्या डाव्या हंसळीखाली, कातडीच्या आत, आगपेटीएवढी पण तिच्याहून चपटी अशी दुसरी मशीन आहे. ठोके तीही देते.

[काका खाटेवर. व्रण, जवळून.]

पेसमेकर हा शब्द गावात फारसा कुणी वापरत नाही. 'मशीन टाकली' म्हणतात, नाहीतर 'सेल टाकला'.

काका : "डवरता डवरता घेरी आली, बावा. बैलं उभे अन् मी खाली. लोकं म्हणे, ऊन लागलं."

ऊन नव्हतं. हृदयाच्या वरच्या कप्प्यात उठणारा विजेचा इशारा खालच्या कप्प्यांपर्यंत पोचत नव्हता. याला हार्ट ब्लॉक म्हणतात. रक्तवाहिनीत चरबी साचून होणारं ब्लॉकेज वेगळं. गावात दोन्हींची सर्रास गल्लत होते. मिनिटाला ६० ते १०० ठोके पडायला हवेत, काकांचे ३५ पडत होते.

[नातवाच्या वहीतलं हृदयाचं चित्र. बोट शिरेवरून फिरतं.]

छाती उघडावी लागली नाही. हंसळीखालच्या शिरेतून बारीक वायर हृदयात उतरवली आणि तिचं दुसरं टोक मशीनला जोडलं. मशीनचं पहिलं काम ऐकण्याचं. हृदयाचा ठोका आपणहून पडला तर ती गप्प बसते. ठरलेल्या वेळात पडला नाही, तरच ती स्वतः ठोका देते. घोळ होऊ शकतो तो या ऐकण्यात. हात तारेला लागला, तर तारेतला झटका हाच हृदयाचा ठोका आहे असं मशीनला वाटू शकतं. मग जिथे ठोका द्यायचा, तिथेच ती थांबते.

[एक कागद. घडीवर फाटलेला.]

दवाखान्यातून सुटी झाली तेव्हा, कशाजवळ जपून राहायचं ते सांगणारा हा कागद मिळाला. विमानतळावरचा मेटल डिटेक्टर, मायक्रोवेव्ह, हेडफोन. यातलं चुकीचं काहीच नाही. पण काकांनी विमान पाहिलं ते वरून जाताना, आणि मायक्रोवेव्ह टीव्हीवरच्या जाहिरातीत. झटका मशीन कागदात नाही. फवारणीचा पंप नाही. चौकातल्या दुकानात कल्टिव्हेटरच्या फणाला मारतात ते वेल्डिंगही नाही. कागद लिहिणाऱ्यानं कुठलं घर डोळ्यांपुढे ठेवलं होतं, ते कळतं.

[शिंपी. कात्रीचं टोक टाक्यात.]

मोबाइल मशीनपासून निदान १५ सेंटिमीटर, म्हणजे वीतभर, लांब ठेवायचा. पण शर्टाला खिसा एकच, तोही डावीकडे. बरोबर मशीनवर. काकूंनी तीनही शर्ट गावातल्या शिंप्याकडे टाकले. त्यानं खिसे उसवून उजवीकडे लावले. उसवल्या जागी कापडाचा मूळचा गडद निळा चौकोन अजून दिसतो.

शिंपी : "मी म्हटलं, काका, नवी फॅशन का? तं म्हणे, डॉक्टरनं सांगितली."

डॉक्टरनं नाही, काकूंनीच शोधलेली.

[पोरगा पंप पाठीवर घेतो. पट्टा खांद्यावर ताणतो.]

फवारणीच्या पंपाचा पट्टा नेमका मशीनच्या जागेवर दाबतो. पंप आता मुलाकडे आहे. वेल्डिंगच्या दुकानात काका बाहेरच्या बाकावरच बसतात. ट्रॅक्टर चालू असताना बॉनेट उघडून आत वाकत नाहीत.

भीतीचाही त्रास झाला. पहिले काही आठवडे डावा हात खांद्याच्या वर न्यायचा नव्हता, वजन उचलायचं नव्हतं, कारण वायर जागेवरून हलू शकते. काकांनी हात तीन महिने गळ्यात बांधून ठेवला. खांदा जखडला. तो सोडवायला मशीन बसवण्यापेक्षा जास्त दिवस लागले.

[जुना काळा-पांढरा फोटो.]

शरीरात बसवलेला जगातला पहिला पेसमेकर १९५८ सालचा, स्वीडनमधला. काही तासांतच तो बंद पडला. ज्यांना बसवला ते आर्ने लार्सन पुढे वीसहून जास्त मशीन बदलत २००१ सालापर्यंत जगले, ८६ वर्षं.

[एसटीच्या खिडकीत काका. मांडीवर पिशवी.]

सेल साधारण आठ-दहा वर्षं चालतो, मग मशीन बदलावी लागते. एमआरआयच्या आधी पेसमेकरचं कार्ड दाखवायचं. आणि माणूस गेल्यावर चिता पेटवण्याआधी मशीन काढून घ्यायची, आगीत ती फुटते. हे घरात माहीत असावं.

काका तपासणीला निघालेत. वय ६७, तिकीट अर्धं. कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत, सातबाऱ्याच्या घडीत.

[संध्याकाळ. वावर. तारेच्या अलीकडे जमिनीवर पांढरी रेघ.]

ही चुन्याची रेघ नातवानं मारली आहे. तारेपासून त्याची दहा पावलं. पावसानं पुसली की तो पुन्हा मारतो. झटका मशीनचं बटणही तोच दाबतो.

काका : "पोट्टं मले पुढं जाऊ देत नाही. माह्याच वावरात."

[काका रेघेअलीकडे बसतात. आवाज : टक... टक...]