"कायद्यात तर रंग लिहिलेलाच नाही!" | सेंट लुईस, फर्ग्युसन आणि तुमच्या कमेंट्स

नमस्कार मंडळी. मागच्या व्हिडिओत मी सेंट लुईसच्या डेलमार रस्त्याचा, म्हणजे उत्तरेला ब्लॅक आणि दक्षिणेला गोरी वस्ती असलेल्या रस्त्याचा, जाता जाता उल्लेख केला आणि खाली कमेंट्समध्ये जो वाद सुरू झाला तो अजून थांबलेला नाही. त्यातला एक प्रश्न इतक्या जणांनी विचारलाय की वेगळा व्हिडिओच करायचं ठरवलं. प्रश्न असा, "ताई, अमेरिकेत आता कायदा सगळ्यांना सारखाच आहे, गोरा-काळा असं कायद्यात कुठेच लिहिलेलं नाही, मग वंशभेद वंशभेद म्हणून जे चालतं ते नक्की कशाबद्दल?"

मी सगळ्या अमेरिकेबद्दल बोलत बसणार नाही. मी राहते ते मिझुरी राज्यातलं सेंट लुईस शहर आणि त्याच्या उत्तरेचं फर्ग्युसन नावाचं वीसेक हजार वस्तीचं गाव, एवढंच. घर, मत, पोलीस, कोर्ट हे सगळं एकमेकांत कसं अडकलंय ते इथे नीट दिसतं.

बेसिक पटापट सांगते. १८६५ ला गुलामगिरी बंद, १८७० ला ब्लॅक पुरुषांना मताचा हक्क कागदावर मिळाला, पण दक्षिणेत पुढची जवळपास शंभर वर्षं तो नाना युक्त्या करून वापरू दिला नाही. मग १९६४ सिव्हिल राइट्स अ‍ॅक्ट, १९६५ व्होटिंग राइट्स अ‍ॅक्ट, १९६८ फेअर हाउसिंग अ‍ॅक्ट. पहिला सार्वजनिक ठिकाणी आणि नोकरीत, दुसरा मतदानात, तिसरा घर विकताना-भाड्याने देताना वंशभेद करायला बंदी घालणारा. हे कुठेही वाचायला मिळेल. पुढे जाऊ.

१९१६. सेंट लुईसच्या लोकांनी रीतसर मतदान करून एक नियम पास केला, की ज्या ब्लॉकमध्ये ७५ टक्क्यांच्या वर एका वंशाचे लोक आहेत तिथे दुसऱ्या वंशाच्या माणसाने राहायला यायचं नाही. म्हणजे रंग थेट कायद्यातच लिहिला होता. पुढच्याच वर्षी सुप्रीम कोर्टाने लुईव्हिल शहराच्या केसमध्ये असले नियम बेकायदेशीर ठरवले. झालं, संपलं? नाही ना. मग लोकांनी ते घराच्या खरेदीखतात घातलं, शेजाऱ्या-शेजाऱ्यांमध्ये करार, की आपण अमुक लोकांना घर विकणार नाही.

लॅबडी अ‍ॅव्हेन्यूवरचं ४६०० नंबरचं घर आजही उभं आहे. १९४५ मध्ये शेली नावाच्या ब्लॅक कुटुंबाने ते घेतलं, आणि त्यावर १९११ चा करार निघाला, "निग्रो किंवा मंगोलियन वंशाच्या" लोकांना मनाई, पन्नास वर्षांसाठी. मंगोलियन म्हणजे आशियाई लोक, हे ऐकून घ्या. शेजाऱ्यांनी कोर्टात खेचलं, केस सुप्रीम कोर्टात गेली, १९४८ मध्ये शेली कुटुंब जिंकलं. पण निकाल काय होता? असा करार कोर्टाच्या ताकदीने अमलात आणता येणार नाही, एवढाच. करार करणं गुन्हा ठरलं नाही, ते थांबायला १९६८ उजाडावं लागलं.

आमच्या ओळखीतल्या एका मराठी जोडप्याने इथे जुनं विटांचं घर घेतलं. क्लोजिंगच्या, म्हणजे व्यवहार पक्का होण्याच्या आधी कागदांचा गठ्ठा येतो तो कुणी वाचत नाही, पण वहिनींनी वाचला. त्यात टाइपरायटरवर टाइप केलेलं एक पान, जरा वाकडं स्कॅन झालेलं, आणि त्यात ड्रेनेज आणि कुंपणाच्या उंचीच्या कलमांच्या मधे, तितक्याच कोरड्या भाषेत, की कॉकेशियन, म्हणजे गोऱ्या, वंशाबाहेरच्या कुणालाही इथे राहता येणार नाही, घरात कामाला ठेवलेले नोकर सोडून. त्यांनी मला फोटो पाठवला. ते कलम आता मेलेलं आहे, त्याला काही किंमत नाही, पण ते कागदावरून पुसलं गेलेलं नाही, आणि हे दोघं तिथे राहतात, हप्ते भरतात. तो फोटो मी तुम्हाला दाखवणार नाही कारण पत्ता दिसतो.

आता मुद्द्यावर येते, आणि हा मुद्दा मी तीनदा सांगणार आहे कारण कमेंट्समध्ये गाडी दर वेळी इथेच अडते. कायद्यात रंग न लिहिताही कायद्याचा फटका एकाच रंगाला कसा बसतो?

पहिल्यांदा घरावरून. १९३४ मध्ये एफएचए नावाची सरकारी संस्था सुरू झाली, घरकर्जाची हमी द्यायला. हमी असल्यामुळे बँका कमी व्याजाने, लांब मुदतीचं कर्ज द्यायला लागल्या, साध्या कामगाराचं स्वतःचं घर होऊ शकलं. त्या काळात दुसऱ्या एका सरकारी संस्थेने शहरांचे नकाशे बनवले, चांगली वस्ती हिरवी, धोक्याची वस्ती लाल, आणि ब्लॅक वस्ती जवळपास ठरलेली लाल. एफएचएच्या स्वतःच्या नियमपुस्तकात वंश बघून वस्तीचं मूल्य ठरवा, आणि खरेदीखतात ती मनाईची कलमं असली तर उत्तम, असं होतं. सरकारी पुस्तकात, मंडळी! मग १९६८ ला ते सगळं बंद झालं, कायदा समान झाला. पण तोवर गोऱ्या कुटुंबांची घरं घेऊन झाली होती आणि किमती चढल्या होत्या. कोथरूडला ज्यांच्या आजोबांनी स्वस्तात प्लॉट घेऊन ठेवला त्यांच्या नातवंडांना आज विचारा, पगारावर काय झालं आणि प्लॉटवर काय झालं. फेडरल रिझर्व्हच्या २०२२ च्या पाहणीत मधल्या, म्हणजे सगळ्यांना संपत्तीप्रमाणे रांगेत लावलं तर मधोमध येणाऱ्या, गोऱ्या कुटुंबाची संपत्ती २ लाख ८५ हजार डॉलर, मधल्या ब्लॅक कुटुंबाची ४५ हजारांच्याही किंचित खाली. आज बँक सगळ्यांना सारखंच विचारते, डाउन पेमेंट किती आहे? प्रश्नात रंग नाहीये. पण उत्तर कुठून येतं ते बघा ना.

इथे एका कमेंटला उत्तर द्यायचंच आहे, कारण ती मला मनापासून खटकते. "आपण इंडियन लोक रिकाम्या हाताने आलो आणि कष्टाने वर आलो, मग यांना काय झालं?" या कमेंटला शेकड्याने लाइक्स आहेत. अहो, १९६५ च्या आधी भारताला वर्षाला फक्त १०० जणांचा कोटा होता. तो वंशावर बेतलेला कोटा मोडला तो १९६५ च्या इमिग्रेशन कायद्याने, आणि तो कायदा सिव्हिल राइट्सच्या चळवळीच्याच हवेत पास झाला, त्या चळवळीत मार खाल्ला ब्लॅक लोकांनी. आणि त्या दारातून आत आले कोण, तर बहुतेक डॉक्टर, इंजिनिअर, शिकलेले, व्हिसानेच निवडून घेतलेले. आपल्या आईवडिलांच्या कष्टांना मी कमी लेखत नाहीये, पण रिकाम्या हाताने नाही आलो आपण, हातात डिग्री होती आणि दार दुसऱ्या कुणीतरी उघडून ठेवलं होतं. आम्ही स्वतः घर शोधत होतो तेव्हा आमचा एजंट गाडी चालवता चालवता सहज म्हणाला, "उत्तरेकडे नका बघू, तुमच्यासारख्या फॅमिलीला नाही आवडणार." वंश बघून असं वळवणं १९६८ पासून बेकायदेशीर आहे. आम्ही एजंट बदलला. पण आपल्याच लोकांच्या गणपतीत मी हेच वाक्य मराठीत ऐकलंय, आणि त्याचा मला जास्त त्रास झाला.

कोल्हापूरच्या एका दादांनी विचारलंय की हे आपल्या जातीसारखंच का. गावकुसाबाहेरच्या वस्त्या माहीत असलेल्या माणसाला यातलं बरंच ओळखीचं वाटणार. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये अमेरिकेतले ब्लॅक विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहून, अमेरिकेतल्या निग्रो लोकांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागवल्या होत्या. त्यावर वेगळा व्हिडिओ करीन.

बरं, आता दुसऱ्यांदा, मतावरून. फर्ग्युसन १९९० मध्ये साधारण तीन चतुर्थांश गोरं होतं, २०१० पर्यंत ६७ टक्के ब्लॅक झालं. तरी २०१४ मध्ये मेयर गोरा आणि कौन्सिलच्या सहा जागांपैकी ब्लॅक सदस्य एक. मत द्यायला कुणी अडवत होतं का? नाही. पण गावच्या निवडणुका एप्रिलमध्ये, मोठ्या नोव्हेंबरच्या निवडणुकीपासून लांब, मतदान अगदीच थोडं, येणार ते जुने घरमालक, आणि भाड्याने राहणारा, वर्ष-दोन वर्षांनी घर बदलणारा माणूस त्यातून आपोआप सुटतो. तिथल्या शाळा बोर्डाचं तर अजून बघा. वॉर्ड नाहीत, सगळा डिस्ट्रिक्ट मिळून सगळ्या जागांना मत देतो. समजा शंभर मतदार आहेत, ५५ एका बाजूचे, ४५ दुसऱ्या, आणि दोन्हीकडचे एकगठ्ठा मत देतात. ४५ वाल्यांना बोर्डाच्या सात जागांपैकी निदान तीन जागा मिळाव्यात असं वाटेल ना? शून्य मिळतात. प्रत्येक जागेवर ५५ जिंकतात. नियमात रंग आहे का? नाही. लोक गेले कोर्टात, आणि २०१६ मध्ये जज्जने सांगितलं की ही पद्धत व्होटिंग राइट्स अ‍ॅक्टच्या कलम २ चा भंग आहे. कशाच्या आधारावर? १९८० मध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं होतं की भेदभावाचा हेतू सिद्ध करा, त्यावर १९८२ मध्ये अमेरिकेच्या संसदेने कायदाच बदलला, की हेतू नको, परिणाम दाखवा, बास. म्हणजे "कुठे लिहिलंय?" हा तुमचा प्रश्न खुद्द त्यांच्या संसदेने चाळीसेक वर्षांपूर्वी बाजूला ठेवला होता.

आणि तिसऱ्यांदा, पोलीस आणि कोर्ट. ऑगस्ट २०१४ मध्ये फर्ग्युसनमध्ये मायकल ब्राउन हा १८ वर्षांचा मुलगा पोलिसाच्या गोळीने मेला, ते सगळ्यांना माहितीय. त्यानंतर मार्च २०१५ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याचा जो अहवाल आला तो फार कमी लोकांनी वाचला. गावाच्या २०१५ च्या बजेटमध्ये १ कोटी ३२ लाख डॉलरच्या जमेपैकी ३० लाखांच्या वर दंड आणि कोर्ट फीमधून येणार असं आधीच धरलं होतं. म्हणजे पावत्या फाडणं हे गावाचं उत्पन्न! लोकवस्ती ६७ टक्के ब्लॅक, पण गाड्या अडवल्या त्यात ८५ टक्के, अटक केली त्यात ९३ टक्के. कुणी म्हणेल, गुन्हेच जास्त करत असतील. ब्लॅक ड्रायव्हरची झडती गोऱ्यांपेक्षा दुपटीहून जास्त वेळा घेतली जायची, आणि सापडायचं मात्र कमी, २६ टक्क्यांनी कमी. "रस्त्यावरून चालण्याची पद्धत" असा एक गुन्हा आहे, फुटपाथ सोडून रस्त्यावरून चाललात तर. त्यातले ९५ टक्के ब्लॅक.

त्या अहवालातली एक बाई माझ्या डोक्यातून जात नाही, नाव दिलेलं नाही. २००७ मध्ये तिने गाडी चुकीच्या जागी लावली. एकदा. दोन पावत्या, १५१ डॉलर दंड, वर फी. पैशाची ओढाताण, मधे काही काळ राहायला घरही नव्हतं, त्यामुळे कोर्टाच्या तारखा चुकल्या, हप्ते चुकले. प्रत्येक चुकलेल्या तारखेचा नवा गुन्हा, नवा दंड, वॉरंट. तिला दोनदा अटक झाली, सहा दिवस जेलमध्ये काढले. मधे तिने २५ डॉलर आणि ५० डॉलर भरायचा प्रयत्न केला, तर कोर्टाने ते परत पाठवले, पूर्ण भरा म्हणून. डिसेंबर २०१४ पर्यंत तिने ५५० डॉलर भरले होते, आणि तरी ५४१ बाकी होते. पार्किंगसाठी! आणि तेव्हा एकवीस हजारांच्या त्या गावच्या कोर्टाची सोळा हजारांवर लोकांच्या नावाने वॉरंट्स होती, त्यात गावाबाहेरचेही आले. आता सांगा, "तारीख चुकली तर वॉरंट" या नियमात कुठे रंग लिहिलाय? कुठेच नाही. ज्याच्याकडे आजोबांचं घर आहे तो १५१ डॉलर त्याच दिवशी भरून मोकळा होतो.

"मग पुढे काही बदललं की नाही?" असंही बऱ्याच जणांनी विचारलंय. बदललं, आणि मतानेच बदललं बरंचसं. एप्रिल २०१५ ला फर्ग्युसनचं मतदान जवळपास ३० टक्क्यांवर गेलं, कौन्सिलमध्ये सहापैकी तीन ब्लॅक सदस्य झाले. त्यातला वेस्ली बेल २०१८ मध्ये १९९१ पासून खुर्चीत बसलेल्या काउंटी प्रॉसिक्युटरला, म्हणजे जिल्ह्याच्या निवडून येणाऱ्या सरकारी वकिलाला, हरवून स्वतः प्रॉसिक्युटर झाला, नंतर अमेरिकेच्या संसदेत गेला. २०२० मध्ये एला जोन्स मेयर झाल्या, गावच्या पहिल्या ब्लॅक आणि पहिल्या महिला मेयर. शाळा बोर्डाला कोर्टाने नवी पद्धत लावली, की जितक्या जागा तितकी मतं तुमच्या हातात, ती सगळी एकाच उमेदवाराला टाकायची असतील तरी टाका. मगाचच्या उदाहरणातले ४५ जण आता मतं एकवटून आपले दोन-तीन उमेदवार निवडून आणू शकतात. अपिलातही २०१८ मध्ये हा निकाल टिकला. डेलमार रस्ता मात्र आहे तसाच आहे, उत्तरेला जवळपास सगळी ब्लॅक वस्ती, दक्षिणेला बहुतेक गोरी, कारण घरांच्या किमती एका निवडणुकीने बदलत नाहीत.

अमेरिकेत जुनं घर घेतलेले बरेच जण हा चॅनल बघता. काउंटीच्या रेकॉर्ड ऑफिसमधून आपल्या घराचे मूळ करार मागवा, विशेषतः १९५० च्या आधीचं घर असेल तर. ते कलम सापडलं तर कमेंटमध्ये शहर आणि साल लिहा, पत्ता लिहू नका. पुढच्या व्हिडिओत ती शहरं घेऊन बसू.