थिरथिऱ्याची तारीख

श्रोतेहो, नमस्कार.

ऑक्टोबरचं ऊन कलतं, पायाशी सारलेलं पांघरूण पहाटे पुन्हा अंगावर ओढावंसं वाटायला लागतं, आणि अशाच एका सकाळी कुंपणाच्या तारेवर किंवा समोरच्या गच्चीच्या कठड्यावर चिमणीएवढा एक पक्षी येऊन बसतो. स्वस्थ असा तो बसतच नाही. कमरेतून झुकतो, पुन्हा ताठ होतो, आणि दर वेळी त्याची शेपटी थरथरते. म्हणून त्याचं नाव थिरथिरा, पूर्ण नाव कृष्ण थिरथिरा. नराची पाठ आणि छाती काळी, पोट आणि शेपटी विटकरी तांबडी. मादी अंगानं मातकट, पण उडाली की तिच्याही शेपटीतला तांबडा रंग झळकून जातो. तो पहिल्यांदा दिसला की मी वहीत तारीख लिहितो. माझा हिवाळा त्या तारखेपासून सुरू होतो.

हिवाळ्यात पक्षी पाहायचे म्हटलं की लोक विचारतात, कुठे जायचं? मी सांगतो, आधी कुठेही जाऊ नका. घराच्या आसपासचे दोन-तीन पाहुणे पक्षी निवडा आणि ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत रोज तेच पाहा. रोज पाहिल्याशिवाय या पक्ष्यांच्या काही गोष्टी कळतच नाहीत, आणि त्याच मला सगळ्यांत मोलाच्या वाटतात.

थिरथिऱ्याचंच बघा. ऑक्टोबरात आलेला नर काहीसा धुरकट दिसतो. काळ्यावर राख पसरल्यासारखी छटा असते. जानेवारीत तो अधिक काळा दिसतो, आणि मार्चमध्ये जायच्या सुमारास छाती अगदी काजळासारखी होते. हा काळा रंग त्याच्याकडे पहिल्यापासूनच असतो. शरद ऋतूत आलेल्या नव्या पिसांना फिकट राखाडी किनार असते आणि ती खालचा काळा रंग झाकून टाकते. मग महिनोन् महिने वारा, ऊन, भिंतींशी आणि फांद्यांशी घासणं यात ती किनार झिजत जाते आणि काळं अंग उघडं पडतं. नवीन पीस न येता, जुनंच पीस झिजून पक्षी देखणा होतो. हे मला कळलं तेव्हा जुन्या वह्या काढून बसलो. एका नोव्हेंबरात मी लिहिलं होतं, ‘राखाडी थिरथिरा, वेगळी जात असावी.’ पुढे फेब्रुवारीत, त्याच कठड्यावर, ‘काळा नर.’ तो बहुधा एकच पक्षी होता, आणि मी मधले तीन महिने त्याच्याकडे पाहिलंच नव्हतं.

आपल्याकडे येणारा हा थिरथिरा हिमालय, तिबेट आणि मध्य आशियातल्या उंच डोंगरांत वीण घालतो. तिथं त्याचं घरटं खडकाच्या कपारीत असतं. म्हणून असेल, पण इथंही त्याला दगडी बांध, पडक्या भिंती, गच्च्या, विटांचे ढीग अशा जागा मानवतात. वजन जेमतेम पंधरा ग्रॅमच्या आसपास. एवढा जीव डोंगर ओलांडून येतो आणि आपल्या कुंपणावरून टपकन जमिनीवर उतरून एक किडा उचलून परत जागेवर जातो. ते पाहताना माझा जीव दर वर्षी भरून येतो.

दुसरा पक्षी धोबी. मैदानात, गच्चीवर, पाण्याच्या काठाला तुरुतुरु चालणारा आणि शेपटी सतत वरखाली आपटणारा. सगळे धोबी पाहुणे नसतात, हे लक्षात ठेवा. पांढऱ्या भुवईचा, काळा-पांढरा, थोराड धोबी आपल्याकडे बारा महिने राहतो. पावसाळा संपता संपता येतो तो करडा धोबी, पिवळ्या पोटाचा. त्याच्यामागून पांढरा धोबी येतो. या पांढऱ्या धोब्याच्या एका उपजातीचं शास्त्रीय नाव ‘दुखुनेन्सिस’ आहे. १८३२ मध्ये साइक्स या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यानं ते दिलं. दुखुन म्हणजे दख्खन. आपल्या मुलखातले पक्षी गोळा करून त्यानं त्यांची यादी केली होती. हा धोबी वीण घालतो सैबेरियाच्या बाजूला, पण नाव घेऊन फिरतो आपल्या दख्खनचं.

याच्यातही बदल पाहायला मिळतो. थंडीत त्याचा गळा पांढरा असतो आणि छातीवर चंद्रकोरीसारखा काळा पट्टा. फेब्रुवारीच्या शेवटी-शेवटी गळ्यावर काळे ठिपके दिसायला लागतात, आणि पुढच्या काही आठवड्यांत गळा काळा होत जातो. हे मात्र झिजणं नव्हे, इथं खरोखरच नवी पिसं येतात. विणीचा पोशाख तो इथूनच चढवायला लागतो. संध्याकाळी हे धोबी एकेकटे राहत नाहीत. दिवसभर आपापली जागा राखणारे पक्षी मावळतीला एखाद्या झाडावर किंवा पाण्यातल्या बोरूच्या बेटात जमून रात्र काढतात. तुमच्या जवळ असं झाड असेल तर एकदा सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी त्याच्याखाली जाऊन उभे राहा.

आणि भोरड्या. शेतकरी श्रोत्यांना त्यांची ओळख करून द्यायला नको. गुलाबी अंगाच्या, काळ्या डोक्याच्या या मैना ज्वारीवर उतरल्या की पुरे कणीस रिकामं करतात. गोफण घेऊन माळ्यावर बसलेल्या माणसाला त्या गोड वाटणार नाहीत, आणि त्याचा राग खराच आहे. पण याच भोरड्या मध्य आशियाच्या गवताळ मुलखात वीण घालतात तेव्हा टोळ आणि नाकतोडे फस्त करतात, पिल्लांनाही तेच भरवतात. आपल्याकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस, पांगारा, सावर फुलले की त्या फुलांवर जातात, म्हणून त्यांना पळसमैना म्हणतात. त्यांचाही गुलाबी रंग थिरथिऱ्याच्या काळ्यासारखाच पिसांची मळकट टोकं झिजून उजळतो. पळस फुलतो तोवर त्या पुरत्या गुलाबी झालेल्या असतात. संध्याकाळी हजारोंचा थवा आभाळात वळतो, दाटतो, विरळ होतो, पुन्हा दाटतो. ते डोळ्यांनीच पाहावं, मोबाइलमध्ये ते मावत नाही.

पाण्यावरच्या पक्ष्यांबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्यांच्याविषयी बोलणारे पुष्कळ आहेत. नाशिक जिल्ह्यातलं नांदूर मध्यमेश्वर हे महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची म्हणून नोंदलेली पाणथळ जागा. उजनी आणि जायकवाडीचा पाणीसाठाही थंडीत पक्ष्यांनी गजबजतो. थापट्या, तलवार बदक, चक्रवाक, कपाळावर पांढरा टिळा असलेला वारकरी, सगळे तिथं भेटतात. एकाचं नाव मात्र घेतल्याशिवाय राहवत नाही, तो पट्टकादंब. पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला हा हंस मंगोलिया, तिबेट, लडाखकडून हिमालय ओलांडून येतो. उपग्रहानं माग काढलेले काही पट्टकादंब ७००० मीटरपेक्षा उंचावरून उडाल्याची नोंद आहे. त्याच्या रक्तातलं हिमोग्लोबिन विरळ हवेतलाही प्राणवायू घट्ट धरतं, म्हणून त्याला ते जमतं.

हे सगळे इथं का येतात? थंडीला भिऊन, असं आपण सहज म्हणून जातो. पिसांचा कोट अंगावर असलेल्या पक्ष्याला नुसत्या थंडीचं तेवढं भय नसतं. तिकडे पाणी गोठतं, किडे नाहीसे होतात, दिवस आखूड होऊन खायला वेळ उरत नाही. प्रश्न पोटाचा असतो. निघायची वेळही त्यांना मुख्यतः दिवसाच्या लांबीवरून कळते. त्याआधी ते भरपूर खाऊन अंगात चरबी साठवतात, तीच प्रवासातली शिदोरी.

म्हणूनच एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. पक्ष्याला विनाकारण उडवू नका. एका जानेवारीत एका जलाशयावर मी काठावर बसलो होतो. रोहितांचा, म्हणजे फ्लेमिंगोंचा, थवा उथळ पाण्यात माना बुडवून खात होता. एक नाव फोटोसाठी थेट त्यांच्या अंगावर गेली, थवा उडाला, नावेतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. थवा लांब जाऊन बसला, तर नाव पुन्हा तिकडे. तासाभरात पाच वेळा त्यांना उडावं लागलं. दर उड्डाणाला पक्ष्याच्या अंगची ती जमवलेली चरबी जळते, आणि खायचा वेळ जातो तो वेगळाच. मी त्या दिवशी काही बोललो नाही, याची रुखरुख अजून आहे. तुम्ही बोला. नावाड्याला आधीच सांगा की दादा, लांबूनच दाखवा. पक्ष्यानं खाणं थांबवून मान वर केली की आपण थांबायचं. आपण जास्त जवळ आलो, हे तो तेवढ्यात सांगत असतो.

साधनं फार लागत नाहीत. दुर्बीण घ्यायची असेल तर ८ बाय ४२ ची, म्हणजे आठ पट मोठं दाखवणारी आणि ४२ मिलिमीटर भिंगाची, पुरते. नसेल तरी गच्चीवरचा धोबी नुसत्या डोळ्यांनी दिसतो. थंडीत फार पहाटे उठायचीही घाई नको, कोवळं ऊन पडलं की छोटे किडेखाऊ पक्षी हालचाल करायला लागतात. त्याच वेळी उंच, उघड्या शेंड्यांवर नजर टाका. आपला राज्यपक्षी हरियल थव्यानं तिथं ऊन खात बसलेला सापडेल. एरवी पानांत तो समोर असूनही दिसत नाही. कानही उघडे ठेवा. झुडपातून ‘चक्, चक्’ असा कोरडा आवाज येत राहिला तर तो बहुधा वटवट्या असतो. तो दिसणार नाही, पण वहीत ‘आवाज’ म्हणून लिहायला हरकत नाही.

आपली वही मोठ्या कामालाही येते. ५ नोव्हेंबर हा अरण्यलेखक मारुती चितमपल्लींचा आणि १२ नोव्हेंबर हा पक्षिशास्त्रज्ञ सालिम अलींचा जन्मदिवस. त्या दोन दिवसांमधला आठवडा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो. जानेवारीत आशियाभर पाणपक्ष्यांची गणना होते, ती १९८७ पासून चालू आहे. फेब्रुवारीत चार दिवस जगभरचे लोक आपापल्या अंगणातले पक्षी मोजतात. तिथं अट फक्त एका जागी निदान १५ मिनिटं पाहण्याची असते. आलेल्या नोंदींत गच्चीवरच्या एका धोब्याचीही नोंद धरली जाते.

आता शेवटची तारीख. पहिली तारीख सोपी असते, पक्षी दिसला की लिहायची. जायची तारीख अवघड. हे छोटे पक्षी बहुधा रात्री निघतात. आज संध्याकाळी थिरथिरा कठड्यावर झुकून शेपटी थरथरवत होता. उद्या सकाळी नाही दिसला, तर वाटतं पलीकडे गेला असेल. परवाही नाही. पाच दिवसांनी कळतं की गुरुवारी पाहिला तोच शेवटचा. म्हणून काही दिसलं नाही त्या दिवशीही मी वहीत लिहितो, ‘आज नाही.’ माझ्या गेल्या वर्षीच्या वहीत मार्चच्या अखेरीला ‘आज नाही’ असं सलग नऊ वेळा लिहिलेलं आहे. मग पान मागे उलटून, काळ्याभोर छातीच्या त्या नराच्या नोंदीखाली मी रेघ ओढली.

नमस्कार.