कर्ज, परदेश आणि मनावरचा ताण

काठमांडूच्या त्रिभुवन विमानतळावर कपाळी टिळा लावून आणि गळ्यात फुलांच्या माळा घालून रांगेत उभे असलेले हे तरुण कतार, सौदी अरेबिया किंवा मलेशियाला निघाले आहेत. परदेशातून येणारा पैसा नेपाळच्या सकल देशांतर्गत उत्पादनाच्या सुमारे एक चतुर्थांश इतका आहे. मात्र तो कमावणाऱ्याच्या मनावरचा ताण बहुधा विमानात बसण्याआधीच सुरू झालेला असतो. व्हिसा आणि तिकिटाचा खर्च मालकाने सोसावा, असे नेपाळ सरकारने 2015 मध्ये ठरवले, तरीही दलालाला द्यायची रक्कम अनेक जण गावच्या सावकाराकडून दरमहा शेकडा तीन रुपयांपर्यंतच्या व्याजाने उचलतात. तिकडे पगार थकला की हप्ता चुकतो, झोप उडते, आणि घरी फोनवर मात्र सगळे ठीक असल्याचेच सांगितले जाते.

अशा माणसाला समुपदेशकाचा क्रमांक देणे सोपे आहे. पण एका खोलीत आठ-दहा जण राहत असताना त्याने बोलावे कुठे? डोके दुखते, हातापायांना मुंग्या येतात, एवढेच तो दवाखान्यात सांगतो. त्यापुढे बोललो तर वेडा ठरवून परत पाठवतील, अशी त्याला धास्ती असते, आणि आखातात कामाचा परवाना मालकाशी बांधलेला असल्याने ती अगदीच निराधार म्हणता येत नाही. शिवाय धनुषा, महोत्तरी, सिराहा या जिल्ह्यांतून गेलेल्या अनेकांची मातृभाषा मैथिली आहे. मनातले बोलायला त्यांना नेपाळी पुरत नाही. समुपदेशनाच्या जोडीला थकलेला पगार मिळवून देणारी कायदेशीर मदत नसेल, तर समुपदेशन ही नुसती फुंकर ठरते, असे आमचे मत आहे.

नेपाळच्या वैदेशिक रोजगार बोर्डाचा कल्याणकारी निधी श्रमपरवाना घेऊन गेलेल्यांसाठी आहे. 1950 च्या भारत-नेपाळ मैत्री करारामुळे भारतात येणाऱ्यांना असा परवाना लागत नाही, आणि म्हणूनच पश्चिम नेपाळमधल्या अछाम, बाजुरा, बझांगहून मुंबई-पुण्यात आलेले रखवालदार या निधीच्या कक्षेबाहेर राहतात. वर्षानुवर्षे रात्रपाळी करणाऱ्या या माणसाला सोसायटीत अनेकदा नावानेही कोणी ओळखत नाही. सगळ्यांसाठी तो ‘बहादूर’. भारत सरकारने ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू केलेल्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनच्या 14416 या मोफत क्रमांकावर त्याला हिंदीत, रात्रीदेखील बोलता येते. मात्र गेटवरच्या केबिनमध्ये लावलेल्या यादीत पोलीस, अग्निशमन दल आणि लिफ्टवाल्याचे क्रमांक असतात. हा क्रमांक क्वचितच दिसतो.