बागेतल्या ट्रॅक्टरचा पट्टा

(दृश्य : बॉनेट उघडलेला छोटा ट्रॅक्टर. पुलीवरील पट्ट्याचे जवळून चित्रण.)

इंजिनाचा पंखा फिरवणारा हा काळा पट्टा जेमतेम करंगळीएवढा रुंद आहे आणि त्याच्या दोन्ही कडांना काचेसारखी चकाकी आलेली आहे. नवा पट्टा असा चमकत नाही. त्याच्या कडा मंद आणि किंचित खरखरीत असतात. बोटाने उलटवून आतली बाजू वर केली की खाचांच्या मुळाशी आडव्या भेगा दिसतात, आणि एके ठिकाणी तर आतला दोरा सुटून बाहेर लोंबतो आहे.

निफाड तालुक्यातील ही द्राक्षबाग असून ऑक्टोबर छाटणी चार दिवसांवर आलेली आहे. ट्रॅक्टर २४ अश्वशक्तीचा, तीन सिलिंडरचा आहे. दोन ओळींमधले अंतर ९ फूट आणि वर मांडव, त्यामुळे येथे मोठा ट्रॅक्टर शिरत नाही. मडगार्डवरचे निळसर पांढरे डाग मागील हंगामात फवारलेल्या बोर्डो मिश्रणाचे, म्हणजे मोरचूद आणि चुन्याच्या बुरशीनाशकाचे आहेत. ते पुसण्याची तसदी बागाईतदार सहसा घेत नाही.

छाटणीनंतर या ट्रॅक्टरच्या मागे ब्लोअर, म्हणजे हवेच्या झोताने औषध फवारणारे यंत्र, जोडला जाईल. ब्लोअर चालवताना पीटीओला, म्हणजे मागच्या यंत्राला फिरवणाऱ्या ट्रॅक्टरच्या दांड्याला, मिनिटाला ५४० फेरे द्यावे लागतात, म्हणजे इंजिन तासन्‌तास चढ्या आवाजात फिरते आणि ट्रॅक्टर मात्र माणसाच्या चालीने सरकतो. समोरून वारा मिळत नाही, रेडिएटरच्या जाळीवर पालापाचोळा आणि गंधकाची पूड बसते, आणि इंजिन थंड ठेवण्याची सारी जबाबदारी पंख्यावर येऊन पडते. तो पंखा, त्याच्याच दांड्यावरची वॉटर बॉडी, म्हणजे इंजिनात पाणी खेळवणारा पंप, आणि बाजूचा डायनामो, ही तिन्ही कामे हा एक पट्टा ओढतो. ऐन फवारणीत तो तुटला तर इंजिन तापते, हेड गॅस्केट (इंजिनाच्या माथ्याखालचे सील) जाते आणि डावणी या द्राक्षावरच्या बुरशीरोगाला मोकळे रान मिळते.

सकाळी इंजिन सुरू करताच घटकाभर येणारी कर्कश किंचाळी या घरात गेले दहा दिवस ऐकू येत होती. सुरू करताना बॅटरी खर्ची पडते, ती भरून काढण्यासाठी डायनामो जड होतो आणि झिजलेला पट्टा त्याच्या पुलीवर घसरतो. अशा वेळी पट्ट्यावर साबण चोळण्याचा किंवा राळ लावण्याचा सल्ला देणारे गावोगाव भेटतात. त्याने आवाज बंद होतो, झीज नव्हे.

(दृश्य : सायंकाळ. सासरे आणि सून ट्रॅक्टरजवळ.)

इंजिन पूर्ण थंड झाल्यावर काम सुरू झाले. किल्ली सुनेच्या खिशात आहे आणि बॅटरीची ऋण तार सोडवून बाजूला बांधलेली आहे. बाजूची जाळी काढल्यावर डायनामो दिसतो. त्याला खालून एक लांब बोल्ट धरून ठेवतो आणि वरून अर्धगोल खाच असलेली एक लोखंडी पट्टी. खालचा बोल्ट अर्धा आटा सैल केला, वरचा पुरता सैल केला, की डायनामो हाताच्या रेट्याने इंजिनकडे झुकतो आणि पट्टा ढिला पडतो. या पट्टीवर नीट पाहिले तर डायनामो आधीच खाचेच्या बाहेरच्या टोकाला गेलेला होता, म्हणजे ताण देण्यास जागाच उरलेली नव्हती.

पट्टा प्रथम डायनामोच्या पुलीवरून उतरतो आणि मग वॉटर बॉडीच्या. क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या, पुलीवरून तो कसा निघाला हे कॅमेऱ्याला टिपता आले नाही, कारण तेथे एका हाताखेरीज दुसरे काही शिरत नाही. पुढचा भाग मात्र आम्ही संपूर्ण ठेवला आहे. पंख्याची पाती आणि भोवतालचे कडे यांमध्ये बोटभर फट आहे. पट्टा एका वेळी एकाच पात्यावरून पुढे घ्यावा लागतो. “अण्णा, जरा फिरवा ना पंखा,” असे सून म्हणते, सासरे पंखा हाताने थोडा फिरवतात, पट्टा दुसऱ्या पात्यापलीकडे जातो, आणि सहा पात्यांनंतर तो मोकळा होतो. या कामाला दोन पाने आणि चार हात लागले. यासाठी ट्रॅक्टर गॅरेजात उभा करण्याचे कारण आम्हाला तरी दिसले नाही.

पट्टा निघालेला असतानाच तपासण्यासारख्या गोष्टी तपासून घेतल्या गेल्या. पंखा धरून पुढे-मागे हलवला. वॉटर बॉडीचे बेअरिंग गेलेले असते तर तो डुगडुगला असता. डायनामोची पुली फिरवून कान लावला. व्ही आकाराचा पट्टा पुलीच्या तळावर बसत नाही, तो दोन्ही कडांच्या पाचरीने पकड घेतो; म्हणून पुलीचा तळ घासून चकचकीत झालेला दिसला तर पट्टा किंवा पुली झिजून पट्टा खाली बसू लागला आहे असे समजावे. येथे तळ काळा, कोरडा निघाला.

(दृश्य : पिंपळगाव बसवंत, सुट्या भागांचे दुकान.)

जुन्या पट्ट्यावरचा क्रमांक केव्हाच पुसला गेला होता. दुकानदाराने तो पट्टा एका खिळ्यावर टांगला, शेजारी दुसरा टांगून पाहिला, आणि मान हलवली. वापरलेला पट्टा ताणलेला आणि अरुंद झालेला असतो, त्यावरून माप घेतले तर चूक नव्या पट्ट्यात उतरते. अखेर पार्ट्सच्या पुस्तकात मॉडेल शोधून क्रमांक मिळाला. यातील पहिला आकडा रुंदीचा आणि दुसरा लांबीचा, दोन्ही मिलिमीटरमध्ये. गिरणीसाठी मिळणारा कापडी वेष्टनाचा पट्टा स्वस्त पडतो आणि अनेक जण तोच चढवतात, परंतु ट्रॅक्टरच्या मूळ पट्ट्याच्या आतल्या बाजूस खाचा असल्यामुळे डायनामोच्या लहान पुलीवर तो सहज वळतो आणि कमी तापतो. सुनेने दोन पट्टे घेतले, त्यातला एक टूलबॉक्ससाठी.

(दृश्य : पुन्हा ट्रॅक्टर.)

बसवण्याचा क्रम उलटा. आधी पाती, मग क्रँक, मग वॉटर बॉडी आणि शेवटी डायनामो. स्क्रू ड्रायव्हरने पट्टा पुलीच्या काठावरून उचकटून चढवू नये. आतले दोरे तुटतात आणि ते बाहेरून दिसत नाही. ताण देण्यासाठी येथे फावड्याचा लाकडी दांडा वापरला आहे, आणि तो डायनामोच्या पुलीकडच्या जाड भागावर टेकवला आहे, मागच्या नाजूक झाकणावर नाही. एकाने दांडा रेटून धरायचा, दुसऱ्याने वरचा बोल्ट आवळायचा, त्यानंतर खालचा.

सासऱ्यांचा अंगठा आता दोन पुलींच्या मधोमध पट्ट्यावर आहे. जोराने दाबल्यावर तो साधारण १० मिलिमीटर खाली गेला पाहिजे; नेमका आकडा आपापल्या ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत पाहावा. पहिल्या खेपेस पट्टा तारेसारखा ताठ झाला होता. तसाच ठेवला असता तर आवाज आला नसता, मात्र वॉटर बॉडीचे आणि डायनामोचे बेअरिंग लवकर गेले असते, म्हणून बोल्ट पुन्हा सैल करावा लागला.

तार जोडून, हत्यारे बाजूला घेऊन इंजिन सुरू केले. अर्ध्या तासाने ते बंद करून, निवल्यावर पुन्हा अंगठ्याने दाबून पाहिले, कारण नवा पट्टा खोबणीत बसताना थोडा सैलावतो, आणि डायनामो आणखी किंचित बाहेर ओढावा लागला.

जाळी लावण्यापूर्वी सुनेने शेडमधला पांढऱ्या ऑइल पेंटचा डबा आणला. बॉनेटच्या आतल्या बाजूस ती जे लिहीत आहे तो पट्ट्याचा क्रमांक आहे, आणि त्याखाली आजची तारीख.