पेडल कधी वर, कधी खाली

या गाडीचे ब्रेक पेडल सकाळपासून तीन वेळा दाबले गेले आणि तिन्ही वेळा ते एकाच उंचीवर थांबले नाही. उभ्या गाडीत ते घट्ट लागले. खडकाळ वाटेने एक फेरी मारून आल्यावर पहिल्यांदा दाबताच ते निम्म्याहून अधिक खाली गेले आणि लगेच दुसऱ्यांदा दाबले तेव्हा पूर्वीच्या जागी आले. जुनी फोर बाय फोर गाडी बाळगणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. अशा वेळी बहुधा मास्टर सिलिंडर बदलला जातो, सर्व चाकांच्या ब्रेक ऑइलमधली हवा काढली जाते, काही दिवस बरे जातात आणि तक्रार परत येते. दोष येतो आणि जातो. त्यामुळे तो नेमका केव्हा येतो याची नोंद पाना हातात घेण्यापूर्वीच व्हायला हवी. थंड गाडीत की तापलेल्या, वळणानंतर की लांब उतारानंतर, हलक्या पायाने दाबल्यावर की जोराने दाबल्यावर, हे लिहून काढले की तपासाची निम्मी वाट सरते.

पेडल आणि चाक यांच्यामध्ये केवळ ब्रेक ऑइलचा स्तंभ असतो. पेडलने मास्टर सिलिंडरचा पिस्टन पुढे सरकतो, तो ढकललेले ऑइल चाकांपाशी असलेल्या पिस्टनांना बाहेर रेटते आणि पॅड चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कवर (चकतीवर) किंवा शू ड्रमच्या आतल्या बाजूवर टेकतात. या व्यवस्थेत पेडलाची हालचाल फार मोजकी असते. उदाहरणादाखल 25 मिलिमीटर व्यासाचा मास्टर सिलिंडर आणि प्रत्येकी 45 मिलिमीटर व्यासाचे दोन पिस्टन असलेला कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) घेतला, तर दोन्ही पिस्टन केवळ 0.3 मिलिमीटर मागे ढकलले गेले की ती पोकळी भरून काढण्यासाठी मास्टर सिलिंडरला सुमारे 2 मिलिमीटर अधिक सरकावे लागते. पेडलाचे गुणोत्तर (पायाची चाल मास्टर सिलिंडरच्या चालीच्या किती पट) 5 धरले, तर पायाखाली हा फरक जवळजवळ 10 मिलिमीटर होतो, आणि पुढच्या दोन्ही चाकांत तसे घडले तर 20 मिलिमीटर.

हा हिशेब मांडण्याचे कारण असे की, खडकाळ वाटेनंतर खाली जाणाऱ्या पेडलाचे मूळ अनेकदा ब्रेकमध्ये नसतेच. हबचे (चाकाच्या मध्यभागाचे) बेअरिंग सैल झाले असेल, तर वळणावर आणि खड्ड्यांत चाकासोबत डिस्कही तिरकी होते आणि पॅडना मागे रेटते. पुढच्या वेळी पाय पडतो तेव्हा पेडलाची पहिली चाल ही पोकळी भरण्यातच संपते. दुसऱ्या वेळी पॅड जवळ आलेले असल्याने पेडल उंच आणि घट्ट लागते. डिस्क वाकडी फिरत असेल तरी हेच घडते. हबजवळच्या न फिरणाऱ्या भागाला डायल गेज (सूक्ष्म हालचाल मोजणारे साधन) बसवून आणि त्याचे टोक डिस्कवर टेकवून तो वाकडेपणा मोजता येतो, आणि मोजलेला आकडा त्या गाडीच्या दुरुस्ती-पुस्तिकेतील मर्यादेशी ताडून पाहावा.

बेअरिंगची परीक्षा साधी आहे. गाडी सपाट जागी उभी करून जमिनीवरच्या चाकांना ओट (अडवणारा ठोकळा) लावावी, पुढचे चाक जॅकने उचलून गाडी भक्कम स्टँडवर टेकवावी आणि चाकाचा वरचा व खालचा भाग धरून ते आतबाहेर हलवावे. प्ले (सैलपणा) जाणवला, तर दुसऱ्या व्यक्तीने ब्रेक दाबून धरावा. ब्रेक धरताच प्ले नाहीसा झाला तर दोष हबच्या बेअरिंगमध्ये आहे. तरीही राहिला तर चाक ज्यावर वळते त्या किंगपिन किंवा बॉल जॉइंटकडे पाहावे लागते. या एका परीक्षेने कित्येक चांगले मास्टर सिलिंडर विनाकारण बदलले जाण्यापासून वाचतील, असे आम्हाला मनापासून वाटते.

मागे ड्रम असतील तर दुसरी शक्यता पुढे येते. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी पेडल वर आले आणि वर आल्यावर कठीण लागले, तर शू आणि ड्रम यांच्यातील अंतर वाढलेले असते. चिखलातून आणि पाण्यातून जाणाऱ्या गाडीत शूचे अॅडजस्टर गंजून अडकतात, आणि शूवरच्या झिजत जाणाऱ्या लायनरबरोबर (घर्षणाच्या थराबरोबर) ते पुढे सरकत नाहीत. शिवाय तापलेला ड्रम प्रसरण पावतो, म्हणून हे पेडल गरम गाडीत आणखी खाली जाते. ड्रम उघडताना आतली धूळ हवेच्या झोताने कधीही उडवू नये. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतो. ती ओल्या फडक्याने टिपून घ्यावी.

वारंवार दाबल्याने पेडल वर येते, पण तरीही स्पंजासारखे मऊ राहते, तेव्हा ऑइलमध्ये हवा आहे असे समजावे. हवा काढूनही मऊपणा गेला नाही, तर कॅलिपरवरील हवा काढण्याचे निपल कोठे आहे ते पाहावे. डावा आणि उजवा कॅलिपर अदलाबदल होऊन बसला असेल, तर निपल खालच्या बाजूला येते आणि वरचा बुडबुडा कितीही प्रयत्न केले तरी निघत नाही. जुने रबरी होजही (ऑइलच्या लवचीक नळ्या) दाबाखाली फुगतात व पेडल मऊ करतात. तडे गेलेले होज तपासत बसण्यापेक्षा आधी बदलावेत.

आता सर्वांत फसवे लक्षण पाहू. सिग्नलवर उभे असताना हलक्या पायाने धरलेले पेडल हळूहळू खाली बसत जाते, पण जोराने दाबले की घट्ट राहते, आणि बाहेर कोठेही गळती दिसत नाही. येथे मास्टर सिलिंडरच्या आतील रबरी सील झिजलेले असते. कमी दाबात त्याची कड सिलिंडरच्या भिंतीला नीट चिकटत नाही आणि ऑइल तिच्यावरून मागे निसटते; दाब वाढला की तोच दाब कडेला फाकवून भिंतीवर बसवतो. म्हणून जोराने दाबून घेतलेल्या चाचणीत असा सिलिंडर निर्दोष ठरतो. जुना सिलिंडर ठेवून हवा काढायची असेल, तर पेडलाखाली लाकडाचा ठोकळा ठेवावा, कारण पेडल तळापर्यंत नेल्यास सील सिलिंडरच्या एरवी न वापरल्या जाणाऱ्या, गंजलेल्या भागावर घासले जाऊन फाटू शकते.

लांब उतारानंतर पेडल तळाला गेले आणि अर्ध्या तासाने पूर्ववत झाले, तर ऑइल उकळले असण्याची शक्यता मोठी असते. ग्लायकॉलवर आधारित ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते. नव्या डॉट 3 दर्जाच्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान 205 अंश सेल्सिअस असावा लागतो. ओलावा मुरल्यावरची किमान मर्यादा 140 अंश आहे. डॉट 4 साठी हेच आकडे 230 आणि 155 आहेत. उकळलेल्या ऑइलची वाफ दाबली जाते, थंड झाल्यावर ती पुन्हा द्रव होते, आणि गाडी तपासणाऱ्याला काहीच सापडत नाही. पेडल उंच व कठीण असूनही गाडी थांबत नसेल, तर मात्र ऑइल नव्हे, तापलेले लायनर किंवा पॅड पकड सोडत आहेत. उलट पेडल तापत जाईल तसे वर आणि कडक होत असेल व चाके ओढत असतील, तर बुस्टर (पायाचा जोर वाढवणारा भाग) आणि मास्टर सिलिंडर यांच्यामधल्या पुशरॉडला (ढकलणाऱ्या दांड्याला) पुरेसा मोकळेपणा उरलेला नसतो.

बुस्टरची तपासणी मिनिटभराची आहे. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबावे, मग दाबून धरून इंजिन सुरू करावे. पेडल किंचित खाली गेले तर बुस्टर काम करतो आहे.

या गाडीत दोष पुढच्या डाव्या हबमध्ये निघाला. बेअरिंग बदलून योग्य ताणावर बसवले गेले, आणि मास्टर सिलिंडरला हातही लावावा लागला नाही. ब्रेक आधी मोकळ्या, सपाट जागी अगदी कमी वेगात तपासले गेले आणि त्यानंतरच गाडी त्याच खडकाळ वाटेने नेण्यात आली. प्रत्येक फेरीनंतर पहिल्याच दाबाला पेडल जमिनीपासून किती उंचीवर थांबते, ते पट्टीने मोजले गेले. तिन्ही फेऱ्यांनंतर पट्टीवरचा आकडा एकच होता.